आता पाच-पाच! कुंपणावरच्या प्रशिक्षकांसाठी प्राथमिक धडे

हे धडे अगदी नवशिक्यांसाठी आहेत. कबड्डी खेळलेली असण्याची अट नाही. उलट खेळलेला माणूस अशा वेळी ओठ घट्ट मिटून बसतो आणि त्याचा कुणालाच उपयोग होत नाही. साहित्य थोडकंच लागतं: वसईच्या पापडीतला रात्रीचा सामना, हॅलोजनचा उजेड, फलकावर ३१-३१, शेवटची शिट्टी, आणि तुमच्या हातात कांदाभजीचा कागद. सामना बादफेरीचा हवा, कारण तिथे कुणाला तरी हरावंच लागतं.

शिट्टी वाजल्याबरोबर शेजारच्याला, त्याने विचारलेलं नसताना, सांगा: 'आता पाच-पाच.' आवाज शांत ठेवा. जो हे पहिल्यांदा म्हणतो त्याच्याकडे पुढची दहा मिनिटं नेतृत्व आपोआप येतं.

आता नियम. प्रत्येक संघाला पाच चढाया, आळीपाळीने. सामन्याची पहिली चढाई ज्यांची होती तेच इथेही आधी जाणार. दोन्हीकडे सात-सात गडी उभे. कुणी बाद होत नाही, कुणी उठत नाही, लोण नाही. नुसते गुण मोजायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निदान रेषा हीच बोनस रेषा होते. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर आणि बोनस रेषा तिच्याही पुढे एक मीटरवर. म्हणजे एरवी जो गुण मिळवायला पावणेपाच मीटर आत घुसावं लागतं, तो इथे मीटरभर अलीकडेच मिळतो.

इथे बहुतेक प्रेक्षक 'मार हात, मार हात!' असं ओरडायला लागतात. तुम्ही ओरडू नका. तुम्ही हिशेब करा.

चढाई करणाऱ्याला निदान रेषा ओलांडावीच लागते. गड्याला न शिवता आणि रेषा न ओलांडता तो परत आला तर गुण समोरच्याला. ओलांडायची म्हणजे पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा हवेत. एरवी ही सक्तीची हजेरी असते, तिचं कुणी कौतुक करत नाही. पाच-पाचमध्ये त्याच हजेरीचा एक गुण. त्यामुळे रिकामी चढाई इथे शिल्लकच राहत नाही. प्रत्येक चढाईत कुणाच्या तरी खात्यात काहीतरी पडतंच. ओलांडून सुखरूप परतला तर एक-शून्य. ओलांडून कुणाला शिवून आला तर दोन. ओलांडल्यावर धरला गेला तर एक-एक. ओलांडायच्या आधीच धरला तर शून्य-एक.

म्हणजे खरा प्रश्न एवढाच की खिशात पडलेला एक घेऊन परतायचं, की दुसऱ्यासाठी हात लांबवायचा?

याच जागी न्यू जर्सीतल्या भाच्याचा उल्लेख करावा. असा भाचा वसईतल्या बहुतेक घरांत असतो. नसला तर शेजाऱ्याचा घ्यावा. तिकडच्या फुटबॉलमध्ये टचडाउनचे सहा गुण झाले की संघासमोर हीच निवड असते: चेंडू पायाने खांबांमधून मारून बिनधोक एक गुण, किंवा रेषेजवळून एकच डाव खेळून दोन. कॉलेजच्या सामन्यांत २०२१ पासून तिसऱ्या जादा डावापासूनच बाकीचा खेळ बंद. दोन्ही संघ आळीपाळीने फक्त ते दोन गुण मिळवायला बघतात. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला इलिनॉय आणि पेन स्टेट नवव्या जादा डावापर्यंत गेले आणि इलिनॉय २०-१८ ने जिंकलं. त्या मुलांनी हेल्मेट घालून जे केलं ते आमची मुलं बनियनवर करतात, एवढं म्हणून विषय आवरता घ्या. भाच्याचा पगार काढू नका.

माझं मत विचाराल तर पहिल्या तीन चढायांत एक घ्यावा आणि यावं. दुसऱ्याचा मोह पिछाडी असतानाच धरावा. आणि तेव्हाही क्रम चुकवू नये: आधी रेषा, मग हात. आधी झटापट सुरू झाली तर बोनस गेला. हे सांगताना भजीच्या कागदावर नखाने रेषा ओढून दाखवली तर परिणाम चांगला होतो.

यादी हा या विषयाचा गाभा आहे. पाच चढाया पाच वेगवेगळ्या गड्यांनी करायच्या असतात, आणि त्यांची नावं, बनियनचे क्रमांक, क्रम असं सगळं आधीच सरपंचांकडे द्यावं लागतं. आता कुठलंही मंडळ बघा. चढाईपटू दोन. त्यातला एक सामन्याच्या उत्तरार्धापासून लंगडतोय. पूर्ण चाळीस मिनिटं हे दोघेच ये-जा करत होते आणि बाकीचे साखळी धरून उभे होते. आता चौथ्या नावापाशी प्रशिक्षकाची पेन्सिल थांबते. उजवा कोपरा सांभाळणारा, घोट्याची पकड करण्यात पटाईत, अंगाने दांडगा असा गडी पुढे ढकलला जातो. त्याने शाळेनंतर दम घातलेला नाही. तो मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावतो, 'कबड्डी कबड्डी' कित्येक वर्षांनी स्वतःच्या तोंडून ऐकतो, आणि निदान रेषेपाशी जाऊन खाली बघतो. पाय उचलायचा हे त्याला ठाऊक असतं. कुठला, ते तीस सेकंदांत ठरवायचं असतं.

पाच-पाच बहुधा याच गड्यापाशी फिरतं. म्हणून हुशार माणूस चांगल्या चढाईपटूला पहिला पाठवत नाही, चौथा किंवा पाचवा ठेवतो, आणि कोपऱ्यातल्या दांडग्याला दुसरा पाठवून मोकळा होतो. मधल्या पडझडीची भरपाई करायला मागे कुणीतरी हवा. तुम्ही मात्र यादी जाहीर झाल्यावर, ती कशीही असो, 'क्रम चुकला' असंच म्हणावं.

बचावाबद्दल थोडक्यात. मागे सरकून चढाईपटूला आत येऊ देणं ही एरवीची शहाणी चाल इथे महागात पडते. तो आत आला की गुण झाला. मग पकड केली तरी फिट्टंफाट. म्हणून साखळी पुढे, रेषेच्या अंगावर उभी करायची आणि त्याला पलीकडे पाय टेकायला जागाच द्यायची नाही. गडी थकलेले असताना सातही जणांना हे एकाच वेळी आठवणं कठीण. तेव्हा कुंपणावरून आठवण करून द्या. दंगा एवढा असतो की कुणाला ऐकू जाणार नाही, पण तुमच्या नावावर ते जमा होईल.

वाद झालाच तर 'नियम जुना की नवा?' असं विचारून मागे सरका. हे वाक्य हांगझोऊतही पुरलं. ७ ऑक्टोबर २०२३, आशियाई खेळांची अंतिम लढत, भारत आणि इराण २८-२८, शेवटचा मिनिट-दीड मिनिट. भारताचा पवन सेहरावत कुणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे गडीही. एक गुण की चार, यावर दोन्ही संघ आपापला नियम सांगत बसले, निर्णय फिरत राहिला, खेळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९. जिथे आशिया खंडाचे पंच तासभर अडले, तिथे आपल्या सरपंचांना पाच मिनिटं द्यायला हरकत नाही.

पाच-पाचनंतरही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई. पुन्हा नाणेफेक, जिंकणाऱ्याला चढाई, आणि त्यात जो आघाडीचा गुण घेईल तो सामना घेईल. कुणालाच आघाडी मिळाली नाही तर समोरच्या संघाची सुवर्ण चढाई. २०२५ च्या हंगामात प्रो कबड्डीनेही साखळी सामने बरोबरीत सोडायचं बंद करून हीच पद्धत आणली. तेव्हापासून टीव्हीवर बघून आलेल्यांची संख्या वाढली आहे आणि तुमच्यासारख्या होतकरूंना स्पर्धा निर्माण झाली आहे.

आणि दोन्ही सुवर्ण चढायांनंतरही पारडी समसमान राहिली तर निकाल नाण्यावर. त्या वेळी छापा की काटा याबद्दल मार्गदर्शन करणारे पापडीत पुष्कळ आहेत, त्यांना धडे लागत नाहीत.