नंदूचे चालू वय

महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या मंडळींच्या जन्मतारखा कोणी एकत्र मांडून पाहिल्या, तर या प्रदेशातील एक पिढीच्या पिढी १ जून या एकाच दिवशी जन्माला आली असून त्या दिवशी इथल्या सुइणींना श्वास घेण्याचीही उसंत मिळाली नसावी, अशी त्याची प्रामाणिक समजूत होईल. वस्तुस्थिती अर्थातच निराळी आहे. शाळा जूनमध्ये उघडत. मुलाच्या दंडाला धरून बाप हेडमास्तरांपुढे उभा राही. जन्म कधीचा या पृच्छेला 'मोठा पाऊस झाला त्याच्या पुढल्या साली' असे उत्तर मिळे. आणि मास्तर मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो की नाही एवढी खातरजमा करून दाखल्यावर १ जून ही तारीख घालून मोकळे होत. ज्या समाजाने वयाचा आरंभच असा अंदाजपंचे केला, त्याने पुढे ते वय प्रसंग पाहून कमीजास्त केले तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. आणि असे प्रसंग ज्या महिन्यात सर्वाधिक येतात तो महिना मे होय.

आमचे भाऊजी एका नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात कारकून आहेत, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. खिडकीपलीकडून कोणी 'साहेब, तारीख दोन दिवस अलीकडे घेता येईल काय' असे नुसते सुचवले, तरी १९६९ च्या नोंदणी अधिनियमाचा हवाला देऊन ते त्या इसमाला असे काही फैलावर घेतात, की त्याला आपण जन्मलो हाच प्रमाद झाला असे वाटू लागते. परंतु कचेरीला रजेचा अर्ज देऊन भाऊजी एकदा बाहेर पडले, की स्वतःच्या अपत्यांच्या वयाबाबत त्यांच्याइतका उदार पुरुष सापडणे कठीण. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, या सवलतीचा नंदूने एवढा प्रदीर्घ उपभोग घेतला, की रेल्वेच्या हिशेबी तो जवळजवळ दोन वर्षे साडेचारच वर्षांचा होता. पुढे त्याला मिशी फुटण्याआधी पाच वर्षे पुरी होणे भागच होते, तशी ती झाली. मात्र पाच ते बारा या वयाच्या मुलाला स्वतंत्र शायिका हवी असेल तर पूर्ण भाडे, असा नियम रेल्वेने २०१६ सालापासून केलेला असल्यामुळे, भाऊजी त्याचे अर्धे तिकीट काढून त्याला रात्री माझ्या शायिकेवर निजवतात. हा मुलगा झोपेत पोहतो.

एवढ्याने भागते तर गोष्ट निराळी होती. मुंबईजवळच्या एका करमणूक उद्यानात तिकीट वयावर नसून उंचीवर होते, आणि तेथे मी जो चमत्कार पाहिला तो योगशास्त्रातही वर्णिलेला नसेल. प्रवेशद्वारावरच्या मापपट्टीखाली नंदू गुडघे किंचित वाकवून, मान खांद्यांत घालून, बालकाच्या तिकिटात बसेल इतका आखडला. आणि आत शिरल्यावर अर्ध्या तासाच्या आत, मोठ्या पाळण्यासमोरच्या दुसऱ्या मापपट्टीखाली तोच नंदू, ताईने त्याच्या बुटांत दुमडून घातलेल्या दोन हातरुमालांच्या पाठबळावर, चार बोटे वाढून उभा राहिला. अशा शिक्षणाचा परिणाम व्हावयाचा तोच झाला आहे. कोणत्याही खिडकीपाशी आले की हा मुलगा बापाचा शर्ट ओढून हळूच विचारतो, 'बाबा, इथं मी केवढा?' शाळेत त्याला गणित जमत नाही, असे ताई म्हणते. मला ते पटत नाही.

तर या मंडळींबरोबर मालवणास जाण्याचा योग आला. ताई, भाऊजी, भाऊजींचे वडील अण्णा, साडेबारा वर्षांची वेदा, नऊ वर्षे नऊ महिन्यांचा नंदू, आणि सामान उचलण्यासाठी मी, अशी आमची तजवीज होती. स्वारगेटहून रात्रीची एस. टी. धरली. गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच वाहक तिकिटांचे यंत्र घेऊन आला, आणि ताईने पदर सावरून, वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेल्या सहज सुरात सांगितले, 'मुलीला अजून बारा पूर्ण व्हायचीत.'

वाहक सज्जन होता. तो म्हणाला, 'ताई, पोरीला कशाला लहान करताय? बाईमाणसाला कुठल्याही वयात अर्धंच आहे.' २०२३ च्या मार्चपासून महामंडळाने सरसकट सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास देऊ केला आहे, याचा ताईला घाईत विसर पडला होता. स्वतःचे तिकीट अर्धे होते याचा आनंद तिच्या मुद्रेवर क्षणभर दिसला, पण लगेच मावळला; एवढी घोटून तयार केलेली विद्या एका शासकीय हुकुमाने निरुपयोगी ठरली, हे शल्य तिला कात्रजचा बोगदा येईपर्यंत पुरले. नंदूचे तर खरे वय सांगूनही अर्धेच तिकीट आले. खरे बोलून काम झाल्यावर भाऊजींना जी चुटपुट लागते ती पाहण्यासारखी असते. काहीतरी राहून गेले अशा चेहऱ्याने ते बराच वेळ खिसे चाचपत होते.

खरी कसोटी अण्णांची होती. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्या वृद्धांना एस. टी. चा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे. अण्णांचा जन्म वस्तुतः दिवाळीतला, म्हणजे त्यांना पंच्याहत्तर पुरी होऊन सहा महिने लोटलेले. परंतु आधारपत्रावर हेडमास्तरांचा १ जून ठाण मांडून बसला होता आणि आम्ही मे महिन्यात प्रवास करीत होतो. वाहकाने पत्र दिव्याखाली धरले, बोटावर हिशेब केला आणि म्हणाला, 'आजोबा, थोडक्यात हुकलात. अर्धं लागेल.' अशा रीतीने त्या रात्री आमच्या कुटुंबात ज्याने अगदी खरे सांगितले त्या एकट्याचेच म्हणणे अमान्य झाले. अण्णांनी पैसे दिले आणि गाडी घाट उतरेपर्यंत दिवंगत हेडमास्तरांशी ते मनातल्या मनात भांडत राहिले असावेत, कारण अधूनमधून 'गाढव!' एवढाच शब्द स्पष्ट ऐकू येई.

पहाटे फोंडाघाट लागला. राधानगरीच्या रानातून गाडी कोकणात उतरू लागली की पहिल्या दोनचार वळणांतच हवेतला कोरडेपणा जाऊन अंगाला एक चिकट, खारट ओळख लागते. घाटातली करवंदे विकणारी पोरे नंदूहून लहान होती आणि हिशेबात त्याच्या बापाहून पक्की. कणकवलीला चहा झाला, कसालला गाडी वळली, आणि सूर्य वर येता येता आम्ही मालवणात पोचलो.

समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा होता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याची पायाभरणी केली. तो किल्ला, तेथील महाराजांच्या हातापायांचे ठसे, हे सारे आम्ही यथासांग पाहिले. पण नंदूचे लक्ष तटाकडे नसून पाण्याकडे होते. कारण आजकाल मालवणास लोक किल्ला पाहण्याच्या मिषाने येतात आणि खरोखर येतात ते स्कूबासाठी: पाठीवर हवेचे नळकांडे बांधून, वाटाड्याने मानेमागून धरलेले, समुद्राच्या तळाशी रंगीत मासे पाहत तरंगण्यासाठी. किनाऱ्यावरच्या फलकावर दर ठळक अक्षरांत होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'वय १० वर्षे पूर्ण' असे लिहिले होते.

आता नंदूचे वय प्रथमच वर जायचे होते. भाऊजींना यात काहीच अवघड वाटले नाही. ज्याला उतरता जिना ठाऊक आहे त्याला चढता ठाऊक असतोच. ताईने मात्र थोडे आढेवेढे घेतले, तेव्हा भाऊजी इतिहासात शिरले. 'ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी केली तेव्हा त्यांचं वय काय होतं? पंधरा! त्यांना कोणी विचारलं का, की वयात बसतोस का म्हणून? आणि आपल्या नंदूनं दहा मिनिटं पाण्यात जायचं, तर तीन महिन्यांसाठी अडवणार?' ज्ञानदेवांनी भिंत चालवल्याची कथा मी ऐकली आहे, बुडी मारल्याची ऐकलेली नाही. पण हा मुद्दा काढण्याचे मला धैर्य झाले नाही. अण्णा वाळूत सुरूच्या सावलीला बसले होते, ते तेथूनच म्हणाले, 'तुलाही मी वाढीव वय सांगून एक वर्ष आधी शाळेत घातला होता. सातवीत दोनदा बसलास.'

येथे थोडे थांबून माझे मत सांगून टाकतो. तिकिटाच्या वयाबद्दल मला फारसे सोयरसुतक नाही. ती मर्यादा खजिन्याच्या सोयीसाठी असते. खजिना स्वतःच ती कधी वर करतो, कधी खाली, आणि बाप चार रुपयांसाठी खोटे बोलला तर मुलाच्या शीलाचे जे नुकसान होईल ते होवो, हाडाला इजा होत नाही. पण समुद्राची मर्यादा ही निराळ्या जातीची आहे. दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब भूपृष्ठाच्या दुप्पट होतो. नाक चिमटून, तोंड मिटून, हळूच हवा रेटून कान मोकळे करीत राहावे लागते, आणि लहान मुलाच्या कानातली नळी अरुंद व आडवी असल्यामुळे तेच त्याला सर्वांत जड जाते. त्याहून वाईट म्हणजे घाबरून श्वास कोंडून कोणी वर आला, तर दाब उतरताच कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. 'काहीही झाले तरी श्वास चालू ठेव' ही एक आज्ञा भीतीच्या क्षणी आठवण्याइतके डोके थाऱ्यावर असावे, यासाठी ते दहा वर्षांचे बंधन आहे. आठ वर्षांच्या मुलांनाही या विद्येचा श्रीगणेशा करवतात, पण तो तलावात, अवघ्या दोन मीटरांच्या आत. वैताग एवढाच की ही मर्यादा आणि तिकिटाची मर्यादा एकाच रंगाऱ्याने, एकाच पांढऱ्या रंगात, सारख्याच पत्र्यावर रंगवलेली असते. पहिली चुकवायला शिकलेल्या माणसाला दुसरीही तशीच दिसली तर त्याला किती दोष द्यावा, हे मला ठरवता येत नाही. भाऊजींना त्या दिवशी तरी मी काहीच बोललो नाही. त्यांच्याच खर्चाने आलो होतो.

टेबलाशी एक काळासावळा, धिप्पाड तरुण बसला होता. नंदूकडे पाहून त्याने विचारले, 'झिलाचा वय किती?'

नंदूने बापाचा शर्ट ओढला. पण तो प्रश्न विचारण्याआधीच भाऊजींनी 'दहा पूर्ण' असे सांगून टाकले, आणि तेही अशा ठाम, अधिकृत आवाजात की क्षणभर मलाही नंदूच्या बारशाचे वर्ष चुकीचे आठवत असल्याचा भास झाला. तरुणाने एक छापील कागद पुढे सरकवला. 'तोंडान नको. हयसर लिवा.'

त्या कागदावर दमा, रक्तदाब, कानाचे दुखणे यांविषयी प्रश्न होते आणि सर्वांत खाली पालकाच्या सहीच्या वर एक रकाना होता: जन्मतारीख. भाऊजींनी खिशातले पेन काढले, तळहातावर एक रेघ ओढून शाई उतरते याची खात्री केली, आणि ते वाकले. मग जे घडले ते मी अगदी जवळून पाहिले आहे. त्यांचा हात रकान्यावर क्षणभर थबकला. कपाळावर घाम आला. ओठ काहीतरी निराळेच पुटपुटत होते. आणि हात मात्र, जणू कचेरीच्या नोंदवहीतच असल्यासारखा, टपोऱ्या, सुवाच्य, न्यायालयात टिकेल अशा अक्षरांत नंदूची खरी तारीख लिहून गेला. नुसती अंकी नव्हे, अक्षरीही. रकान्यात जागा अपुरी पडली तेव्हा ती समासात नेली, आणि मागाहून कोणी फेरफार करू नये म्हणून शेवटच्या अक्षरापुढे आडवी रेघही मारली. जिभेला सुट्टी मिळाली होती, हाताला कोणी रजा मंजूर केली नव्हती.

तरुणाने तारीख वाचली, रेघेकडे आदराने पाहिले आणि कागद परत केला. 'ऑगस्टान्तर येवा.' ऑगस्टात तेथे सगळे बंद असते, हे सांगायला तो विसरला नाही.

नंदूऐवजी वेदा खाली गेली. जाताना तिला खुणा शिकवल्या होत्या: बोटांचे वर्तुळ म्हणजे सर्व ठीक, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. परंतु पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा डोळ्यांपुढून गेला, तेव्हा पोरीने हर्षभराने दोन्ही अंगठे वर केले, आणि वाटाड्याने तिची मागणी तात्काळ मान्य करून तिला वर आणून होडीत घातले. भरलेले पैसे बुडाले. ताईने बराच वाद घातला; वाटाडा पुन्हापुन्हा आपले दोन अंगठे वर करून दाखवी, आणि त्या साक्षीपुढे काही चालेना.

दुपारी आम्ही एका घरगुती खानावळीत गेलो. केळीच्या झाडाखाली चार टेबले, आतून खोबऱ्याच्या वाटणाचा आणि तिरफळांचा दरवळ, आणि भिंतीवर खडूने लिहिलेले दर: सुरमईचे ताट, बांगड्याचे ताट, 'लहान मुलांस अर्धे'. नंदू सकाळपासून कोणाशी बोलला नव्हता. भाऊजींची जीभ एव्हाना पुन्हा कामावर रुजू झाली होती; त्यांनी मालकीणबाईंना सांगितले, 'पाच पूर्ण, आणि एक अर्धं. हा लहान आहे, आठ वर्षांचा.'

'दहा,' नंदू म्हणाला. त्याने शर्ट ओढला नव्हता. 'दहा पूर्ण. मला सुरमईचं पूर्ण ताट. आणि सोलकढी दोनदा.'

भाऊजींनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, इकडेतिकडे पाहिले. पण तेथे भरायला कागदही नव्हता आणि रकानाही. मालकीणबाईंनी नंदूच्या गालाला हळद लागलेला हात लावला आणि आत वळता वळता म्हणाल्या, 'पोटाक खयचा वय? पुरा ताट लावतंय.'

सुरमईची मोठी तुकडी त्याच्याच ताटात आली. अण्णांनी आपल्या ताटातला बांगडा उलटापालटा करून पाहिला आणि वेदाला विचारले, खडूने लिहिलेल्या त्या दरांत म्हाताऱ्यांसाठी काही ओळ दिसते का.