नावे ठेवण्याचे शास्त्र : दुर्ग जिल्हा खंड

नौदलाच्या वैमानिकांची आणि जहाजांची टोपणनावे या विषयावर भिलाईच्या वैशाली नगरात बसून शास्त्र रचण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, हा प्रश्न आधी निकालात काढलेला बरा. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. मोठे पाणी म्हणायचे तर शिवनाथ नदी, आणि तिच्यात उन्हाळ्यात म्हैससुद्धा धड बुडत नाही. परंतु पाण्याचा अभाव ही नौदलाच्या लेखी अपात्रता नव्हे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर १९४५ पासून एक जहाज उभे आहे. ते दगडाविटांचे असून तेथे अभियांत्रिकी शिकवतात, तरी दप्तरी ते जहाजच. नाव आयएनएस शिवाजी. इंग्रजांच्या अमदानीत त्याच्या नावाआधी ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’ अशी उपाधी होती. ज्यांच्या राजापूरच्या वखारीला महाराजांनी खणती लावली, त्यांच्याच बादशहाच्या मालकीचे जहाज ‘शिवाजी’ नावाने मिरवत होते. लोणावळ्याला जहाज चालते, तर भिलाईला शास्त्र का चालू नये?

दुसरा आधार पोलादाचा. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या विमानवाहू विक्रांतसाठी ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीने सुमारे ३०,००० टन खास पोलाद पुरवले. ते भिलाई, बोकारो आणि राउरकेला या तीन कारखान्यांतून गेले. त्यातला नेमका कोणता पत्रा भिलाईचा, हे जहाजावर बोट ठेवून दाखवणे अवघड. म्हणून वैशाली नगरात सगळीच विक्रांत आपली धरून चालतात. या पोलादाचे नाव ‘डीएमआर २४९ ए’ असे आहे. नाव ठेवणारे धातुशास्त्रज्ञ होते, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा आधार मात्र निर्णायक. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नौदलाने सोव्हिएत रशियाकडून क्षेपणास्त्रे डागणारी तीन छोटी जहाजे घेतली : विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि होसदुर्ग. पहिले दोन किल्ले आपल्या कोकणातले, तिसरा केरळातल्या कासरगोडकडचा. तिघांच्या नावांतले सामाईक शेपूट कापून या वर्गाला जगभरच्या नौदल-कोशांनी ‘दुर्ग क्लास’ म्हटले. आता वैशाली नगर कोणत्या जिल्ह्यात आहे, हे वाचकांनी आपल्या आधार कार्डाची शपथ घेऊन सांगावे. दुर्ग जिल्ह्यात. ‘दुर्ग क्लास’ हे शब्द कानी पडले की इथल्या माणसाला आधी शिकवणीचा वर्ग आठवतो, आणि तोही सकाळच्या बॅचचा. पण ती चूक क्षम्य आहे.

ही जहाजे आमच्या सिद्धान्ताची सोन्याची खाण आहेत, म्हणून इथे थोडा मुक्काम करू. बांधणाऱ्या रशियनांनी या जातीला ‘ओवोद’ असे नाव दिले होते. गुरांना चावणारी गोमाशी असते, ती. अमेरिकेच्या गोटातल्या नाटोने तिला ‘नानुच्का’ म्हटले. मुंबईत ती दुर्ग झाली. म्हणजे एकच बोट जन्मदात्यांच्या घरी गोमाशी, शत्रूच्या तोंडी नानुच्का आणि सासरी किल्ला. तिन्ही नावे ठेवताना बोटीला कोणी विचारले नाही. आणि ज्या शहराशी तिचे नाव जुळले, त्याची तऱ्हाही तीच. १९०६ साली जिल्हा झाला तेव्हा इंग्रजांनी दुर्गचे स्पेलिंग असे केले की ते ‘ड्रग’ वाचले जाई. सरकारी गॅझेटियरच्या पुठ्ठ्यावर ‘ड्रग डिस्ट्रिक्ट’ असे ठळक छापलेले आहे. तो ग्रंथ घेऊन आज विमानतळावर जाण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

यावरून सूत्र असे : नाव ठेवणाऱ्याचे असते, ज्याला ठेवले त्याच्याकडे ते फक्त वापरायला दिलेले असते.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, मराठी माणूस तर स्वतःचे नाव स्वतःच ठेवत आला आहे. केशवसुत पाहा, गोविंदाग्रज पाहा, कुसुमाग्रज पाहा. समाधान : ती कवींची नावे आहेत आणि कवीला कोणी रेडिओवरून तातडीने हाक मारीत नाही. ताशी सातशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ‘गोविंदाग्रज, उजवीकडे वळा’ असे सांगेपर्यंत वळण मागे पडलेले असते. शिवाय कुसुमाग्रजांनीसुद्धा आपले नाव स्वतःवरून ठेवले नाही, धाकट्या बहिणीवरून ठेवले. पूर्वपक्षाने यापुढे जपून बोलावे.

वैमानिकांच्या बाबतीत धर्मशास्त्र स्पष्ट आहे. विशेषतः अमेरिकी नौदलात टोपणनाव तुकडी ठेवते. मागितलेले नाव मिळत नाही. नाव आडनावावर कोटी करून ठेवतात, चेहऱ्यावरून ठेवतात, आणि सर्वांत टिकाऊ नाव एखाद्या फजितीवरून पडते. नाव आवडले नाही असे कपाळावरच्या एका आठीनेही दाखवले की ते पक्के झाले. म्हणून १९८६ च्या ‘टॉप गन’ चित्रपटातल्या नावांकडे शास्त्राने संशयानेच पाहिले पाहिजे. मॅव्हरिक काय, आइसमॅन काय! इतकी कौतुकाची नावे खऱ्या तुकडीत एखाद्याला मिळाली, तर बाकीच्यांना त्या दिवशी ताप होता असे समजावे. त्यातल्या त्यात ‘गूज’ हे नाव शास्त्रशुद्ध वाटते.

आपल्याकडचे प्रमाण हवे असेल तर भूदलातले घेऊ. जनरल करिअप्पांना फौजेत ‘किपर’ म्हणत. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला त्यांचे नाव उच्चारता येईना, म्हणून तिने हे सोपे नाव काढले. किपर म्हणजे धूर देऊन वाळवलेला मासा. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झाले, फील्ड मार्शल झाले. मासा काही सुटला नाही. इथे नाव ठेवणारी बाई तुकडीतलीही नव्हती, ही बाब सूत्राला अधिकच बळ देते.

विमानांच्या तुकड्यांचे प्रकरण जरा निराळे. तिथे नाव अधिकृतपणे ठेवतात, त्यामुळे सगळे वाघसिंह होतात. नौदलाची ३०० क्रमांकाची तुकडी ‘व्हाइट टायगर्स’ : १९६० साली सी हॉक विमानांवर उभी राहिली, पुढे जुन्या विक्रांतवरून १९७१ च्या युद्धात लढली, १९८३ पासून सी हॅरियर आणि नंतर मिग-२९के. तिच्या जोडीला ‘ब्लॅक पँथर्स’. एके काळी विक्रांतवरच ‘कोब्राज’ होते. या यादीपुढे भिलाईकर एकदम ताठ बसतो, कारण पांढरे वाघ त्याच्या रविवारच्या माहितीचे आहेत. मैत्री बाग या पोलाद कारखान्याच्या प्राणिसंग्रहालयात ते असतात. तिकीट काढून आत गेले की जाळीपलीकडे लांब पसरलेला पांढरा वाघ दिसतो. अलीकडे लहान मुले त्याला उठवण्यासाठी आरडाओरडा करत असतात आणि एखादे आजोबा ‘अरे, झोपू द्या त्याला’ म्हणत शेंगा सोलत असतात. गोव्याच्या हंसा तळावरून गर्जत उठणाऱ्या मिगला हे नाव देणाऱ्याने मैत्री बागेत एक दुपार काढली असती, तर त्याने नावाचा पुनर्विचार केला असता असे आमचे विनम्र मत आहे.

त्याहून गंभीर बाब पुढे आहे. माणसाच्या ताब्यातल्या पांढऱ्या वाघांची वंशावळ मागे नेत गेलो की आपण रीवा संस्थानात पोहोचतो. तेथे १९५१ साली महाराज मार्तंडसिंहांनी एक पांढरा बछडा पकडला आणि गोविंदगढच्या वाड्यात ठेवला. त्याचे नाव मोहन. साऱ्या जगाला धडकी भरवणाऱ्या नामावलीच्या बुडाशी मोहन बसलेला आहे. तुकडीच्या बिल्ल्यावर जबडा वासलेल्या वाघाखाली हे नाव लिहिले असते, तर शत्रूने आधी चहा विचारला असता.

रेडिओवरची आणखी एक गंमत येथेच नोंदवतो. नौदलाची ३२१ क्रमांकाची तुकडी ‘एंजल्स’, तिच्याकडे चेतक हेलिकॉप्टरे. समुद्रात पडलेल्या वैमानिकाला उचलून आणणाऱ्या तुकडीला देवदूत म्हणणे रास्तच. परंतु वैमानिकांच्या परिभाषेत ‘एंजल्स’ हे उंची सांगण्याचेही एकक आहे : ‘एंजल्स फाइव्ह’ म्हणजे पाच हजार फूट. तेव्हा ‘एंजल्स वन’ ऐकल्यावर एक देवदूत येतोय की कोणी हजार फुटांवर आहे, हे संदर्भानेच ठरवायचे. जहाजांच्या हाकाही अशाच बिलंदर. अमेरिकेची विमानवाहू ‘निमिट्झ’ रेडिओवर ‘ओल्ड सॉल्ट’, म्हणजे मुरलेला खलाशी. ‘एंटरप्राइझ’ची हाक ‘क्लायमॅक्स’. बिचाऱ्या वैमानिकाला दर खेपेस क्लायमॅक्सवरच उतरावे लागे.

आता शत्रूने ठेवलेली नावे. हा शास्त्राचा सर्वांत काटेकोर भाग, कारण प्रेमाने नाव ठेवणारा नियम पाळत नाही, वैरी पाळतो. नाटोने सोव्हिएत विमानांना नावे देताना पिंगळालाही लाजवील असा छंद बांधला. लढाऊ विमान ‘एफ’ने सुरू, बाँबफेके ‘बी’ने, हेलिकॉप्टर ‘एच’ने, इतर कामांचे ‘एम’ने. पंख्याचे असेल तर नाव एका उच्चारखंडाचे, जेट असेल तर दोन उच्चारखंडांचे. या व्याकरणातून आपल्याच नौदलाची विमाने बाहेर पडली ती अशी : अरक्कोणमहून २०१७ पर्यंत उडालेले प्रचंड टीयू-१४२ ‘बेअर’, म्हणजे अस्वल, गोव्यातून २०२३ पर्यंत समुद्रावर नजर ठेवणारे आयएल-३८ ‘मे’, मिग-२९ ‘फुलक्रम’, म्हणजे तरफेचा टेकू, आणि कामोव्ह-२५ हे हेलिकॉप्टर ‘हॉर्मोन’. शेवटचे नाव ठेवणाऱ्यापुढे ‘एच’ची शब्दसूची होती आणि त्या दिवशी त्याचे पोट बिघडले असावे, याखेरीज आम्हांस उपपत्ती सुचत नाही.

नौदलाच्या आपल्या हवाई तळांवर मात्र पक्षी आहेत. कोचीचा गरुड १९५३ पासून, गोव्याचा हंसा, कुलाब्याचा शिक्रा, अरक्कोणमचा राजाली, अंदमान-निकोबारातले उत्क्रोश आणि बाझ. २०२४ मध्ये मिनिकॉय बेटावरच्या नौदल तळाला जटायू नाव मिळाले. पंख छाटले गेलेल्या पक्ष्याचे नाव निवडणाऱ्याने रामायण निष्ठेच्या अंगाने वाचले होते, उड्डाणाच्या अंगाने नव्हे.

कोणी म्हणेल, हे सगळे लष्करी खूळ झाले, घरगुती मराठी जीवनात असे कुठे असते? असते, आणि फौजेहून कडक असते. तबकातल्या तांदळांत सोन्याच्या अंगठीने लिहिलेले नाव नवऱ्या मुलीला एका संध्याकाळीत चिकटे, आणि तिथे तर आठी घालण्याचीही सोय नव्हती. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच. दोघींच्या यमुना एका अक्षतेत वाहून गेल्या, आणि इतिहासाने त्यांना सासरच्या हाकेनेच ओळखले. या ठिकाणी शास्त्रकाराला विनोद सुचत नाही, म्हणून तो पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

भिलाई. टाऊनशिपमध्ये माणसाला नाव असले तरी पत्त्याला नसते : सेक्टर अमुक, स्ट्रीट तमुक, क्वार्टर नंबर इतका. एका रेल्वे स्थानकाचे नाव तर चक्क भिलाई पॉवर हाउस. अशा आकडेबाज वातावरणात कारखान्याच्या आठव्या झोतभट्टीला ‘महामाया’ असे नाव पडले, तेव्हा गावाला हायसे वाटले असणार. २०१८ साली पेटलेली, ४,०६० घनमीटर पोटाची ही भट्टी रतनपूरच्या देवीच्या नावाने ओळखली जाते. आणि रतनपूर म्हणजे अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांची गादी, तेव्हा मराठी माणसाचाही तिच्यावर लांबून हक्क पोहोचतो. राउरकेल्याची अशीच एक भट्टी दुर्गा, बर्नपूरची कल्याणी. पंधराशे अंशांवर उकळणाऱ्या वस्तूला पुरुषी नाव द्यायला कोणी धजावले नाही, ही निरीक्षणाची बाब आहे.

वैशाली नगर हे नाव मात्र हाक म्हणून सपशेल नापास. हाकेचा पहिला गुण म्हणजे ती एकाचीच असावी. वैशाली नगर जयपूरला आहे, अजमेरला आहे. पार्सलवाला मुलगा फोनवर विचारतो, ‘भैया, कौनसा वैशाली नगर?’ त्याला भिलाई सांगितले की तो सुपेल्याच्या घडी चौकापासून उजळणी सुरू करतो. शेवटी घर सापडते ते घरमालकाच्या नावाने नव्हे, तर कॉलनीने ठेवलेल्या नावाने. आमच्या बाजूला एक काका आहेत. उभी नोकरी त्यांनी कारखान्यात जनरल शिफ्टला काढली. बी शिफ्ट, नाइट शिफ्ट कधी पाहिली नाही. सकाळी डबा घेऊन जाणे, संध्याकाळी उजेडात परत येणे. ज्यांची झोप रात्रपाळीने खाल्ली त्या सहकाऱ्यांनी त्यांना ‘जनरल’ नाव ठेवले. पार्सलवाल्यालाही ते ठाऊक आहे.

निवृत्त झाल्यावर काकांनी सूत्राविरुद्ध बंड केले. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना त्यांनी बजावले, ‘हे जनरल-बिनरल बंद करा. मला साहेब म्हणायचं.’ पोरे आज्ञाधारक होती. त्याच संध्याकाळी आरतीच्या आधी मंडपातल्या लाउडस्पीकरवरून घोषणा झाली : ‘जनरल साहेब जिथे असतील तिथून त्यांनी ताबडतोब स्टेजवर यावं.’