जरा बाजूला व्हा, माऊली

"मी वारी करतो" असं सांगून झालं की मी क्षणभर गप्प बसतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढून आळंदी, दिवेघाट, नीरास्नान सावकाश सरकून जावं, एवढा वेळ देतो. नातेपुत्याचा उल्लेख मी होऊन करत नाही. तो बायको करते. "हे सोलापूरहून एसटीनं नातेपुत्याला जातात आणि तिथून चालतात." माझं म्हणणं असं, की नातेपुते सोलापूर जिल्ह्यात येतं. पाहुणे जिल्ह्यात आले की सामोरं जाणं हे यजमानाचं काम. पाहुण्यांना आणायला थेट आळंदीला जाणारा यजमान तुम्ही पाहिलाय कुठे?

या सत्तरएक किलोमीटरच्या यजमानपदात मी सुखी होतो. घात केला साडूनं. निवृत्तीच्या पैशातून तो स्पेनला जाऊन सांतियागोची पदयात्रा करून आला. फ्रान्सच्या बाजूनं निघालं तर ती वाट आठशेच्या आसपास किलोमीटर भरते, पण शेवटचे शंभर पायी केले तरी तिथे प्रमाणपत्र देतात. साडूनं हिशेबानं तेवढेच केले. आठशेतले शंभर चालायचे आणि यात्रा केली म्हणायचं, हे काही खरं नव्हे, असं मी बोलून गेलो. बायको "नातेपुते" एवढंच म्हणाली.

प्रमाणपत्राचं मला काही नाही. मला लागले ते फोटो. मातीची वाट, दोन्हीकडे गवत, दगडावर एक पिवळा बाण, लांब एकच झाड आणि माणूस औषधालाही नाही. प्रत्येकाखाली दोन शब्द : 'पुढची वाट'. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे बावन्न फोटो आले आणि बावन्न वेळा सगळ्यांनी हात जोडले. माझ्या सासूबाईंनीसुद्धा. माझ्या कुठल्याही फोटोला त्यांनी आजवर अंगठ्यापलीकडे काही दिलेलं नाही.

म्हणून त्या वर्षी मी ठरवलं : नातेपुते ते पंढरपूर, फक्त पुढची वाट.

आषाढात त्या रस्त्यावर मोबाइल समोर धरला की काय दिसतं? पाठ. पाठीपुढे पाठ, तिच्यापुढे पताका, पताकेपुढे धूळ. वाट असते, पण ती कुणाच्या तरी पायाखाली असते. मी हात उंच करून पाहिलं, टोप्या आल्या. खाली वाकून पाहिलं, टाचा आल्या. शेवटी यजमान या नात्यानं मी मोठ्यानं म्हणालो, "जरा बाजूला व्हा, माऊली, रस्त्याचा फोटो घ्यायचाय."

पुढचे एक बाबा चालता चालताच म्हणाले, "किती जणांनी?"

वारीचे फोटो काय कमी निघालेत? उद्धव ठाकऱ्यांनी हवेतून काढले, त्यांचं 'पहावा विठ्ठल' हे पुस्तक २०११ साली आलं. वृत्तपत्रवाले समोरून काढतात. मागून काढणारा बहुधा मी एकटाच. दि. बा. मोकाशी १९६१ साली चालले आणि त्यांनी 'पालखी' लिहिलं. इरावतीबाई कर्वे चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' लिहिलं. मोबाइल नव्हते, त्यामुळे त्या बिचाऱ्यांना बघावं लागलं.

पाठींमुळे एक झालं. पहाटे तळ हलतो तेव्हा पाऊस भुरभुरत असतो आणि निम्म्या खांद्यांवर चादरी असतात. सोलापूरच्या माणसापुढे चादर चालू लागली की त्याला देवाचं भान राहत नाही. अस्सल सोलापुरी चादर मला दहा पावलांवरून कळते. ती अंगावर लोळत नाही, अंगावर बसते. नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. एका बाजूला मोर लाल आणि जमीन पांढरी, तर उलट बाजूला मोर पांढरा आणि जमीन लाल. नवी असताना ती टोचते. ज्याला टोचली नाही त्याला दुकानदारानं फसवलं असं समजावं. धुतली की पिळायला दोन माणसं लागतात, आणि ती दोन माणसं नवरा-बायको असतील तर संसाराचे निम्मे वाद तिथेच पिळून निघतात. आमच्याकडची एक चादर माझ्या मुंजीतली आहे. तिच्यावरचा मोर आता कोंबडीएवढा उरलाय, पण वीण जागची हललेली नाही. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ती सोलापूरचीच हे सरकारनं लिहून दिलंय. तरीही कुठल्या कुठल्या गावची मऊ, गुळगुळीत, भडक कापडं 'सोलापुरी' म्हणून देशभर विकली जातात आणि लोक चाटी गल्लीत येऊन आम्हालाच सांगतात, "आमच्याकडे याहून स्वस्त मिळते." मिळणारच. मिळू दे.

तर त्या पहाटे पुढच्या खांद्यावर एक हिरवी चादर होती आणि मला संशय आला. पुढे जाऊन मी हळूच तिचं टोक उलटं केलं. खांदा वळला.

"काय बघताय?"

"खरी आहे का ते."

"कोन, मी?"

माळशिरसचं सांगायचं राहिलं. पाठी टाळायच्या म्हणून मी नातेपुत्याहून मध्यरात्रीच उठून, दिंड्यांचे ट्रकही हलायच्या आधी, एकटा पुढे निघालो. आणि मिळाली! पूर्ण मोकळी वाट. राष्ट्रीय महामार्ग ९६५. मधे दुभाजक, कडेला लोखंडी कठडा, वर एक दिवा. मोठ्या भक्तिभावानं ग्रुपवर टाकली. साडूनं विचारलं, "टेंडर भरलंस का?" बालमित्राचा फोन आला. "काय करूलालास बे रात्रीचं हायवेवर?"

फोटो पुन्हा पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की त्यात झाड नाही. रस्ता रुंद झाला, बरं झालं. पूर्वी अर्ध्या रस्त्यात वाहनं आणि अर्ध्यात माऊली, अशी जिवावरची कसरत असायची. चालणाऱ्यांसाठी कडेनं वेगळी वाटही आखली आहे. पण विसाव्याला दिंड्यांची सगळी माणसं ज्यांच्याखाली आडवी व्हायची, ती जुनी झाडं रुंदीकरणात गेली. नवी रोपं लावलीत, कमरेएवढी आहेत. पंचवीस वर्षांनी त्यांना सावली येईल. आज ज्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन चालतायत, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला माझ्याकडे तोंड नाही. त्या दुपारी त्या ट्रकच्या सावलीत बसल्या होत्या. ट्रक सुटला की उठायच्या आणि दुसऱ्या ट्रककडे जायच्या.

असो. दुसऱ्या दिवशी वेळापूरच्या अलीकडचा धावा. त्या उतारावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून तिथे सगळे धावतात. मी आधीच जागा धरली होती. अख्ख्या रस्त्यात पुढचं दिसतं ते इथेच. झूम करून पाहिलं, कळस दिसेना. तीसेक किलोमीटरवरून मोबाइलला तो कसा दिसणार? तेवढ्यात मागून आरोळी उठली आणि सगळी वारी माझ्या अंगावर आली. मी बटण दाबत राहिलो, पळत राहिलो. पळणं माझं नव्हतं, मला पळवलं जात होतं. खाली पोचलो तेव्हा हातात फक्त हात होता.

संध्याकाळी वेळापूरच्या तळावर समाज आरती. चोपदार दंड उंच करतो आणि टाळ-मृदंगाचा एवढा कल्लोळ एका क्षणात थांबतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो. (आमच्या सोसायटीच्या सभेला हा चोपदार मिळाला तर मी वर्गणी वाढवून द्यायला तयार आहे.) मग हरवलं-सापडलं पुकारतात. पिशवी, चष्मा, एक आजी, आणि एक मोबाइल.

ज्या दिंडीत तो जमा झाला होता तिथे गेलो. तुमचाच कशावरून, असं एका पोरानं विचारलं. मी कुलूप उघडून फोटो दाखवले. ते पोर सरकवत गेलं, सरकवत गेलं.

"ह्यात तोंड कुनाचंच न्हाई की!"

"रस्त्याचे आहेत."

"रस्ता कुठंय?"

राहुटीतल्या सगळ्यांनी मान घातली. एक आजी कपाळावर चष्मा चढवून पुढे सरकल्या. मला पाठी होत्या, त्यांना माणसं होती. "ही आमची धाकली जाऊ, डाव्या पायात लंगडती. ह्यो मृदंगवाला. ही पिशवी माझ्या भाचीच्या लग्नातली." आणि मग पुन्हा पुन्हा : "हे आबा. हे बी आबा. अगं बया, हे बी आबाच." मळका सदरा, उजव्या खांद्यावर पांढऱ्या दोऱ्यानं घातलेली टीप आणि मागे कॉलरला अडकवलेली छत्री. एक्केचाळीस फोटोंत तेच आबा. इतका वेळ मी त्यांच्याच मागं चालत होतो आणि मला पत्ता नव्हता. "किती जणांनी?" हे विचारणारेही तेच निघाले. ते कोपऱ्यात पायाला तेल चोळत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख काही दाखवली नाही. पोरानं माझा नंबर घेतला, फोटो पाठवा म्हणाला. मी हो म्हणालो आणि घरी येऊन विसरलो.

पुढच्या वैशाखात त्याचा फोन आला. आबा गेले. फोटो आहेत का?

मला वाटलं, भिंतीवर लावायला हवा असेल. म्हटलं, "अरे, पण एकातही चेहरा नाही."

"तोंडाचा आधार कार्डावर हाय. त्यो लावलाय. छत्रीवाला पाठवा."

एक्केचाळीसही पाहिले. चाळिसांत छत्री सरळ लोंबतेय. एकात, शेवटच्यात, ती आडवी उडालीय, सदरा फुगलाय, आणि एक पाय जमिनीवर नाही. हललेला फोटो. मी तोच पाठवला.

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं : "हे कुठलं?"

"वेळापूरच्या अलीकडे. धावा."

"आबा पळत हुते? घरात गुडघ्यानं उंबरा वलांडत नव्हते."

"पळत होते," मी लिहिलं. "माझ्या पुढे होते."