आंबा घाटातली कुस्ती

कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला जायचं तर मलकापूर, आंबा, साखरपा, पाली असा सरळ रस्ता आहे. सरळ म्हणजे सांगायला. आंबा गाव सुटलं की घाट लागतो आणि मग स्टेअरिंगला उसंत म्हणून मिळत नाही. आमच्या गाडीच्या स्टेअरिंगने ती घाटाआधीच घेतली.

गाडी विकायला काढली तर कोणी घेत नाही आणि भंगारात घालायला आपला धीर होत नाही, अशा वयाची. मागे बायको, फराळाचा डबा आणि गणपतीचा नारळ; पुढे माझ्या शेजारी नाना. नाना म्हणजे बायकोचे काका. त्यांची सगळी नोकरी साहेबांची ॲम्बेसेडर चालवण्यात गेली, त्यामुळे त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवणं म्हणजे रोज तोंडी परीक्षा.

मलकापुरात वळताना बॉनेटखालून ‘घूंऽऽ’ असा आवाज आला. “कुणीतरी कण्हतंय,” बायको म्हणाली. सरळ रस्त्याला आवाज बंद, वळण आलं की पुन्हा सुरू. आंब्याला पोचेपर्यंत स्टेअरिंग इतकं जड झालं, की चहाच्या टपरीसमोर गाडी लावताना मी सीटवरून अर्धा उठलो होतो. कोल्हापुरात इतक्या तालमी कशासाठी आहेत, ते तेव्हा कळलं.

बॉनेट उघडलं. आपल्याकडे उघड्या बॉनेटला वेगळी आमंत्रणपत्रिका लागत नाही. पहिला आला टेम्पोवाला. “चाकात हवा कमी असंल.” शंका रास्त होती, कमी हवेनेही स्टेअरिंग जड होतं, पण हवा बरोबर निघाली. दुसऱ्याने बॅटरीवर संशय घेतला. नव्या गाड्यांत स्टेअरिंगला विजेची मोटर मदत करते, तिथे हा संशय शोभतो. आमच्या गाडीत मात्र इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप आणि त्याने दाबून पाठवलेलं ऑइल, असा जुना कारभार. तिसऱ्याने गाडीकडे न बघता फोनमध्ये बघून “स्टेअरिंगचा रॅक गेला” असं जाहीर केलं. शेवटी कोल्हापुरातल्या एका वर्कशॉपला फोन लावला. “बघितल्याशिवाय काय सांगता येत न्हाई,” तिकडचा आवाज म्हणाला, “पण रॅकच बदलावा लागंल.”

“आमच्या ॲम्बेसेडरला कुठं होतं पॉवर स्टेअरिंग?” नाना म्हणाले. “पॉवर मनगटात लागते, जावईबापू.”

आता खरी गोष्ट अशी, की त्या गाड्यांचं स्टेअरिंग मोठं असायचं आणि चाकं पूर्ण वळवायला फेरेही जास्त लागायचे, म्हणून ताकद कमी पुरायची. पंपाच्या भरवशावर केलेल्या गाडीत फेरे कमी ठेवतात. पंप रुसला की ती जुन्या बिनपंपाच्या गाडीपेक्षाही जड होते. हे मी समजावून सांगितलं. वर, अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने १९२६ सालीच पिअर्स-ॲरो गाडीवर हे तंत्र चालवून दाखवलं होतं आणि तरी ते बाजारातल्या गाडीत यायला १९५१ची क्रायस्लर इम्पीरियल उजाडावी लागली, हेही सांगितलं.

“मधली पंचवीस वर्षं लोक काय करत होते?” नानांनी विचारलं. “हातानेच वळवत होते ना?”

याला उत्तर नव्हतं. मग ते स्वतः स्टेअरिंगवर बसले, एकदा डावीकडे वळवलं, कमरेवर हात ठेवून खाली उतरले आणि म्हणाले, “इंजिन बंद कर आणि न्यूट्रलवर सोड. साखरप्यापर्यंत उतारच आहे. पेट्रोलही वाचेल.”

हा सल्ला घाटात कोणी कोणाला देऊ नये. इंजिन बंद झालं की उरलीसुरली मदत तर जातेच, पण ब्रेकला व्हॅक्यूमचा आधार असतो तोही दोन-चारदा पेडल दाबल्यावर संपतो. किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉक.

“नाना,” बायको म्हणाली, “आपल्याला गणपतीपुळ्याला जायचंय. थेट गणपतीकडे नाही.”

इतका वेळ बाजूला चहा पीत एक पोरगा उभा होता. साखरप्याच्या गॅरेजात काम करणारा, एसटीची वाट बघत. त्याने एवढंच विचारलं, “ऑइल बघितलंत?”

वैद्य चार जमले होते, नाडी कोणी धरली नव्हती. त्याने पंपाच्या ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, आणि वर गुलाबी फेस. “एअर घेतंय,” तो म्हणाला. बेल्ट दाबून बघितला, घट्ट होता. मग डबीतून पंपाकडे जाणाऱ्या रबरी पाइपवरून बोट फिरवलं. टोकाशी पाइप कडक होऊन चिरलेला, क्लिप सैल. गाडी उभी असली की तिथून ऑइल झिरपायचं, चालू झाली की पंप तिथूनच हवा ओढायचा. कण्हणं ते हेच.

टेम्पोवाल्याने लगबगीने ब्रेक ऑइलची बाटली पुढे केली. पोरग्याने ती हातानेच मागे सारली. ब्रेक ऑइलने पंपाचे आणि रॅकचे सील खराब होतात, मग रॅक खरंच जातो. गाडीच्या पुस्तिकेत एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते ऑइल, लिहिलं होतं. ते मोटरसायकल पाठवून मलकापूरहून आणवलं. तोवर त्याने पाइपचं चिरलेलं टोक कापलं, पाइप पुन्हा चढवला आणि पिशवीतली नवी क्लिप आवळली.

मग एअर काढायची. आमचा एक आणि टेम्पोवाल्याचा एक असे दोन जॅक लावून पुढची चाकं उचलली आणि गाडीखाली कोणी जायचं नाही, अशी ताकीद मिळाली. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत डबीत ऑइल घालत राहायचं. फिरवायला अर्थातच नाना. चाकं हवेत असल्यामुळे ती बिनतक्रार वळत होती, आणि नाना भोवतालच्या मंडळींकडे ‘बघा, मनगट!’ अशा नजरेने बघत होते. पुढे इंजिन चालू करून तोच प्रकार केला, तेव्हा पोरगा एकदाच ओरडला, “काका, टोकाला धरून ठेवू नका, पंप तापतो!” कण्हणं थांबलं होतं.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पोरग्यालाही साखरप्याला सोडलं. खर्च झाला ऑइलचा, क्लिपचा, त्याच्या मजुरीचा आणि सगळ्या वैद्यांच्या चहाचा. त्यात चहाचं बिल सर्वांत मोठं. रॅक अजून तोच आहे. जुनी गाडी घेऊन त्या वाटेने जाणार असाल, तर डबीचं झाकण मलकापूरलाच उघडून बघा. आंब्याला चहा मिळतो, सल्ला मिळतो. एटीएफ मागेच राहिलेलं असतं.