फोटो देजो बरं!

भाऊबीज आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा जिलेबी आणि पाहुणे, रात्री दंडार नाहीतर नाटक. दिघोरीच्या मंडईत मामाजींचा कॅमेरा हाही एक मानाचा पाहुणा असे. साबणाच्या वडीएवढा, दोरी मनगटात अडकवलेली. बटण दाबलं की झिर्रर्र करत भिंग कासवाच्या मानेसारखं बाहेर यायचं. तेवढ्यात माणसं पदर-टोपी सावरून, श्वास रोखून उभी. ‘हालू नका’ एवढंच मामाजींचं छायाचित्रणशास्त्र.

रात्रीच्या फोटोत सगळ्यांचे डोळे लाल. फ्लॅश भिंगाला खेटून असला की त्याचा उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडून, तिथल्या रक्ताचा रंग घेऊन सरळ परत येतो, हे मला फार उशिरा कळलं. आजीचं निदान सोपं होतं : “जागरन केला त डोरे लाल होतीलच ना!”

आता मंडईत हजार फोन उंचावतात. फोन अंधारात एका दाबात अनेक फोटो घेतो आणि त्यांची भेळ करून एक छान फोटो हातात देतो. डोळे लाल नाहीत, कोणी थोडं हललं तरी चालतं. फक्त मागच्या रांगेतून दंडारीतल्या नाच्याचा चेहरा जवळ ओढायला जावं, तर बहुतेक फोनांत त्याचं ओल्या कागदावर फुटलेल्या शाईसारखं होतं. तिथं मामाजींचं कासव अजून भारी. पण फोन भिंगाच्या जोरावर जिंकलाच नाही. धानाचा भाव पाहायला तो खिशात असतोच. कॅमेरा आठवणीनं न्यावा लागे. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबात २०१० साली १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्याबाहेर पडले. २०२१ मध्ये जेमतेम ८४ लाख. सगळ्यात मोठी कत्तल या साबणाच्या वड्यांचीच.

पूर्वी फोटो निघाला की समोरचा हमखास म्हणे, “बापू, फोटो देजो बरं!” मामाजी साकोलीहून कागदावर काढून आणत, घरोघर वाटत. तो फोटो आरशाच्या कोपऱ्यात खोचला जाई. आता ‘ग्रुपवर टाक’ म्हणतात. गेल्या मंडईचे माझ्याकडे ४१२ फोटो आहेत. पाहिलेत अकरा.

परवा कपाट आवरताना तो कॅमेरा सापडला. आतले सेल पाझरून हिरवे पडलेले. पुसलं, भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून घातले. भिंग अर्ध्यावर येऊन अडकलं, पडदा काळाच. पण कार्ड शाबूत आहे. एक्सडी कार्ड. ऑलिंपस आणि फुजीफिल्मनं २००२ मध्ये आणलेला हा प्रकार पुढं दोघांनीही सोडून दिला. आमच्याकडच्या मोबाइल दुकानदारानं ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “हे कोन्या फोनचं होय जी?”

त्यात २००८ची मंडई आहे. तेव्हा लगेच धानाचा चुरणा निघाला आणि साकोलीची फेरी राहिली ती राहिलीच. एक्सडी घेणारा जुना कार्ड रीडर कोणाच्या घरी पडला असेल तर दोन दिवसांसाठी द्या. निदान वीस जणांना फोटो द्यायचे बाकी आहेत.