किती जुना पाहिजे?

बीडला रेल्वेने जाता येतं, हे वाक्य लिहायला मराठी प्रवासवर्णनकारांना १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबावं लागलं. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला तेव्हा जन्मलेली पोरं तोवर बाप झाली होती. पुण्याचे आपले संग्राहक मात्र गाडी सुरू झाल्यावरही एसटीनेच निघाले. येताना सोबत लोखंड असणार होतं, आणि लगेजवरून कंडक्टरशी हुज्जत घालण्याचा त्यांचा सराव दांडगा.

हे निवृत्त इंजिनिअर. नोकरीत असताना यांनी घरचा साधा नळ कधी दुरुस्त केला नाही. आता मात्र जुना रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट दिसलं की हात आपसूक खिशात जातो. पुण्याच्या जुन्या बाजारातले विक्रेते भाव लोखंडावरून नाही, यांच्या चेहऱ्यावरून ठरवतात. तेव्हा खेड्यात स्वस्त पडेल, हा हिशेब.

या व्यसनाची घराणी थोर आहेत. पेनसिल्व्हेनियातले हेन्री मर्सर १८९७ साली शेकोटीसाठी जुना चिमटा शोधत एका भंगारवाल्याकडे गेले आणि तिथली टाकून दिलेली अवजारं पाहून असे बिघडले, की १९१६ साली डॉइल्सटाउन गावात काँक्रीटचं उंचच उंच संग्रहालय उभं राहिलं. जमिनीवर जागा पुरेना म्हणून गाड्या आणि होडी छताला टांगल्या. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती जमवायला सुरुवात केली आणि हजारो वस्तूंचा तो संसार १९६२ साली सरकारला देऊन टाकला. संग्राहक घरी ही दोन्ही उदाहरणं देतात. त्यावर बायको एवढंच विचारते, "त्यांचा फ्लॅट कितव्या मजल्यावर होता?"

मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला नेकनूर लागतं. जनावरांच्या बाजारासाठी गावाचं नाव. बाजाराच्या दिवशी बैल, म्हशी, शेळ्या, कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगुरमाळा आणि गरम भजी यांच्यातून वाट काढत संग्राहक लोखंडाच्या ताडपत्रीपाशी पोचले. खुरपी, विळे, कुऱ्हाडी सगळं कालपरवा घडवलेलं. पलीकडे मात्र भंगाराचा ढीग होता आणि ढिगातून एका लाकडी रंध्याने डोकं वर काढलं होतं.

"मामा, हा रंधा किती जुना?"

"किती जुना पाहिजे साहेब?"

संग्राहक म्हणाले, शंभर वर्षं तरी. मामा म्हणाले, मग तेवढाच आहे. सौदा ठरला किलोवर. मामांनी रंधा उचलला, दगडावर आपटला, लाकडाच्या दोन फाका केल्या आणि पातं तेवढं काट्यावर ठेवलं. संग्राहकांच्या तोंडून आवाज फुटेना. "लाकडाचे पैसे कामून घेऊ?" मामा म्हणाले. "बेइमानी होती ती." इतका प्रामाणिक व्यवहार पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता.

पुढचा मोह किर्लोस्कर नांगराचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पुढे १९१०ला किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर गावोगाव पोचला. पाटोदा तालुक्यात एका वाड्यासमोर तसाच एक नांगर सापडला. निम्मा जमिनीत गाडलेला, वरच्या निम्म्याला म्हैस बांधलेली. मालकाची हरकत नव्हती. "न्या की. पण म्हैस कुठं बांधू? का तीबी नेता?"

खरी अडचण पुढे एका लोहाराच्या भात्यापाशी उलगडली. या भागात हत्यार म्हातारं होतच नाही. फाळ झिजला की शेवटून आणायचा, खुरप्याचं टोक गेलं की पुन्हा ठोकून धारेला पाणी पाजायचं, आणि अगदीच संपलं की त्याचं दुसरं काहीतरी होतं. मोडक्या ट्रकचा कमानपाटा तापवून त्याचा कोयता होतो. जे लाकडाचं ते चुलीत, जे लोखंडाचं ते ऐरणीवर. संग्रहालयाच्या वाट्याला यायला मधे काही उरत नाही. आणि जे उरतं ते खंडेनवमीला हळदीकुंकू लावून पाटावर मांडलेलं असतं. त्या दिवशी संग्राहकांनी एका घरी भाव विचारला, तेव्हा आजीबाईंनी प्रसाद दिला आणि दार लावून घेतलं. माझ्या मते आजीबाईंचं बरोबर होतं.

बीडचं सगळ्यात नामांकित हत्यार कोयताच, आणि जुन्या बाजारात तो औषधालाही मिळत नाही. दिवाळीच्या आगेमागे तो मालकासोबत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातो, वसंत सरेपर्यंत ऊस तोडतो आणि परत येतो तो पार झिजून. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतात. उचल मिळते ती या जोडीवर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पातं तेच, पण हिशेबात माणूस निम्मा. संग्राहकांना हे लोहाराने ठोकता ठोकता सांगितलं, हसू न आणता.

शेवटी त्यांनी नवाच कोयता घेतला, लोहाराने सांगितलेल्या किमतीला, घासाघीस न करता. असं यापूर्वी घडल्याचं घरच्यांना आठवत नाही. बारदानात गुंडाळलेलं ते लांबट गाठोडं बघून एसटीच्या कंडक्टरने विचारलं, काय आहे. कोयता, म्हटल्यावर त्याने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"एकटेच का? मग अर्धा कोयता म्हणा."

तिकीट मात्र पूर्ण घेतलं.

कुणाला या वाटेने जायचंच असेल तर दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत लोहाराकडे फिरकू नये. तेव्हा मजुरांच्या कोयत्यांची घाई असते आणि गप्पांना त्याला फुरसत नसते. पुण्याला परतताना पावतीही जवळ ठेवावी. कोयता गँगच्या बातम्यांपासून तिथले पोलीस बारदान सोडून बघतात आणि 'संग्रहासाठी आणलाय' या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही. नेकनूरच्या बाजारात पावती मिळत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं.