झीनतच्या हातातली गिटार

धुळ्याच्या आमच्या जिभाऊंच्या मते ‘चुरा लिया है तुमने’मधली गिटार झीनत अमाननेच वाजवली आहे. पुरावा काय, तर पडद्यावर ती तिच्याच हातात दिसते. जिभाऊंची उभी नोकरी मोजणी खात्यात गेली. ज्याचा कब्जा त्याची वहिवाट, हे त्यांचं शास्त्र. त्या हिशेबाने ‘शोले’तला माउथ ऑर्गनही अमिताभच्या नावावर चढवायला हवा, आणि तो खरोखर वाजवणारे भानू गुप्ता बेदखल कूळ ठरायला हवेत.

मला मात्र गाण्यात कोण वाजवतंय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. जळगावच्या आमच्या घरी ‘यादों की बारात’ची तबकडी होती. चित्रपट १९७३चा. तबकडीच्या मधोमध आशा भोसले, महंमद रफी, राहुलदेव बर्मन, मजरूह सुलतानपुरी अशी सगळी बडी मंडळी हजर. कंपनीचं नाव आहे, तबकडीला नंबर आहे, पण ज्याची गिटार सुरू झाली की माणूस हातातला घास तसाच धरून बसतो, त्याचा पत्ता नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’तसुद्धा नाही.

तसं पाहिलं तर एके काळी गाणाऱ्यांचीही हीच गत होती. १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं! लोकांनी रेडिओला पत्रांवर पत्रं धाडली, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. पण गिटारवाल्यासाठी पत्र कोण धाडणार? त्यासाठी माझ्यासारखा रिकामटेकडाच लागतो.

तर ती गिटार भूपिंदर सिंग यांची. १९७१च्या ‘दम मारो दम’मधलीही त्यांचीच. दिल्लीच्या आकाशवाणीत गिटार वाजवणारा हा माणूस मदनमोहन यांच्यामुळे मुंबईच्या सिनेमात आला आणि पुढे जगाने त्याला गायक म्हणून ओळखलं. हे मी फोनवर सांगितलं, तर जिभाऊ पलीकडून गप्प. मग म्हणाले, “तो ‘दो दीवाने शहर में’वाला? इतका सज्जन माणूस त्या चरसी पोरांत काय करत होता?” आणि वर अहिराणीत निकाल: “गानं चांगलं शे ना? मंग तुले काय करनं शे?”

धुळ्यात राहणाऱ्याने पुराव्याला असं झटकून टाकावं, हे मला सोसत नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला याच धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. अस्सल कागद दाखवा, मग बोला, असा त्यांचा खाक्या. मात्र राजवाड्यांना एक सोय होती. पेशवाईतले कारकून बारीकसारीक गोष्ट लिहून ठेवत, आणि ती दप्तरं माळ्यावर का होईना, शिल्लक होती. स्टुडिओतला वादक आला, वाजवलं, पैसे खिशात घातले आणि पुढच्या स्टुडिओकडे पळाला. त्याची नोंद कोण ठेवणार?

मग उरतात वादकांच्या आठवणी आणि आपले कान. कान लावून बसलं की बऱ्याच गोष्टी कळतात. तारेवरून बोट सरकताना बारीक ‘कर्र’ येतं. बारा तारांची गिटार असेल तर एकाच सुराला दुहेरी झिलई असते. हवाइयन गिटार असेल तर सूर पायरीने न येता घसरगुंडीवरून येतो. मग हा हजारा सिंग की व्हॅन शिप्ले, यावर दोन शहाण्या माणसांचा अबोला होऊ शकतो. घरचे म्हणतात, भाकरी गार होतेय. होऊ दे.

साहेबाच्या देशातही काही निराळं नाही. बीटल्सच्या १९६८च्या ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’मध्ये मुख्य गिटार एरिक क्लॅप्टनची, पण आल्बमवर त्याचं नाव नाही. किंक्स या बँडची कथा तर उलटी. १९६४च्या ‘यू रिअली गॉट मी’मधली गिटार सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने वाजवली. आवाज फाटका यावा म्हणून पठ्ठ्याने अँप्लिफायरचा स्पीकर ब्लेडने चिरला. पुढे जिमी पेज हा गिटारवादक मोठा झाला आणि लोकांनी ती गिटार त्याच्या नावे करून टाकली. खुद्द पेज नाही म्हणाला, तरी लोक ऐकेनात. मोठ्या नावाकडे उतारावरचं पाणी वाहतं, ते असं.

आपल्याकडे वादकाचं नाव घराघरात पोचलं ते एकदाच. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन ते नाव सांगतो. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे खरेखुरे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. पण वरातीत त्या गाण्यावर नाचून घामाघूम झालेल्या आमच्या अख्ख्या पिढीला तो माणूस लेखकाने रचलेला वाटला.

आता अहिराणी गाण्याच्या व्हिडिओत ड्रोन उडवणाऱ्याचंही नाव येतं. चांगलंच आहे. पण आपल्या लग्नांत बँडच्या गाडीवर अजूनही मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर वीतभर अक्षरांत असतो, आणि क्लॅरिनेट फुंकून गाल दुखवून घेणारा निनावीच घरी जातो. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात, गल्लीत, नात्यागोत्यात कुणी बँडमध्ये, आकाशवाणीवर, एखाद्या कॅसेटवर वाजवलं असेल, तर माणूस आहे तोवर विचारून घ्या. कोणतं गाणं, कोणतं साल, कोणतं वाद्य, एवढं वहीत लिहा, आणि खाली त्यांची सही घ्या.